मोटारीच्या काचांवरील संघनन

मोटारीच्या काचांवरील संघनन म्हणजे मोटारीतील हवेतल्या बाष्पाचे काचेच्या आतील पृष्ठभागावर सूक्ष्म जलबिंदूंच्या रूपाने द्रवात रूपांतर होणे. बोलीभाषेत याला काचेवर वाफ धरणे, काच धुरकट होणे किंवा काचेला घाम येणे असे म्हणतात. काचेच्या पृष्ठभागाचे तापमान तिला लागून असलेल्या हवेच्या दवबिंदू तापमानाहून खाली गेले की ही क्रिया घडते. पावसाळ्यात, घाटरस्त्यांवर, थंडीच्या पहाटे आणि शीत प्रदेशांतील हिवाळ्यात ती विशेष आढळते. चालकाची दृश्यमानता काही मिनिटांत, कधी काही सेकंदांत कमी होत असल्यामुळे रस्ता सुरक्षेच्या दृष्टीने तिला महत्त्व आहे.

संघनन काचेच्या आतील बाजूस होते तसेच बाहेरील बाजूसही होऊ शकते. दोन्ही प्रकार वरवर सारखेच दिसतात. मात्र त्यांची कारणे वेगळी असून एकावरील उपाय दुसऱ्या प्रकारात स्थिती बिघडवू शकतो.

भौतिक कारण

ठरावीक तापमानाच्या हवेत बाष्प सामावून घेण्याची एक कमाल मर्यादा असते. ही मर्यादा गाठलेल्या हवेला बाष्पसंपृक्त हवा म्हणतात. समुद्रसपाटीवरील एक घनमीटर हवेत ०° सेल्सिअस तापमानाला सुमारे ४.८ ग्रॅम, १०° से.ला ९.४ ग्रॅम, २०° से.ला १७.३ ग्रॅम, तर ३०° से.ला सुमारे ३०.४ ग्रॅम बाष्प मावते. तापमान दहा अंशांनी वाढले की मर्यादा जवळजवळ दुप्पट होते. याउलट बाष्पयुक्त हवा थंड होत गेली तर एका विशिष्ट तापमानाला ती संपृक्त होते. हेच तिचे दवबिंदू तापमान होय. त्याखाली तापमान गेल्यास अतिरिक्त बाष्पाचे पाण्यात रूपांतर होते.

यासाठी मोटारीतील सगळी हवा थंड व्हावी लागत नाही. काचेला चिकटून असलेला हवेचा पातळ थर काचेच्या तापमानाला येतो आणि संघनन त्या थरात घडते. २५° से. तापमान आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचे दवबिंदू तापमान सुमारे १६.७° से. असते. ही हवा प्रवाशाला कोरडी वाटेल. तरीही १५° से. तापमानाच्या काचेवर तिच्यातून पाणी उतरेल. संघननाचा अंदाज केवळ सापेक्ष आर्द्रतेवरून करता येत नाही, तो हवेचे दवबिंदू तापमान आणि काचेचे तापमान यांच्या तुलनेवरून करावा लागतो.

गवतावर पडणाऱ्या दवाचेही मूळ हेच आहे. दव आकाशातून पडत नाही, तर थंड झालेल्या पृष्ठभागावर हवेतील बाष्पापासून तयार होते, हे विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने १८१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दवावरील निबंधात प्रयोगांच्या आधारे मांडले होते.

बाष्पाचे स्रोत

मोटारीतील बाष्पाचा मुख्य स्रोत प्रवासी स्वतः असतात. उच्छ्वासाची हवा सुमारे ३४° से. तापमानाची आणि जवळजवळ संपृक्त असते. शांत बसलेली प्रौढ व्यक्ती श्वास आणि त्वचा या दोन्ही वाटांनी मिळून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडते. घाम येत असल्यास हे प्रमाण बरेच वाढते. लहान मोटारीच्या अंतर्भागाचे आकारमान सुमारे तीन घनमीटर धरले, तर २०° से. तापमानाला त्यात जास्तीत जास्त ५२ ग्रॅम बाष्प मावते. सुरुवातीला हवा निम्मी संपृक्त असेल आणि चार माणसे काचा बंद करून बसली, तर उरलेली २६ ग्रॅमची जागा दहा मिनिटांत भरून निघते. प्रत्यक्षात काच हवेहून थंड असल्याने तिच्यावर वाफ त्याआधीच धरू लागते.

दुसरा मोठा स्रोत म्हणजे प्रवाशांबरोबर आत येणारे पाणी. भिजलेले कपडे, छत्र्या, रेनकोट, चिखलाचे बूट आणि ओले पायपुसणे यांतून प्रवासभर बाष्पीभवन चालू राहते. आसनांच्या गाद्या आणि तळाचा गालिचा पाणी शोषून घेतात व पाऊस थांबल्यानंतरही ते सावकाश परत करतात. गरम जेवणाचे डबे, वाफाळता चहा आणि मागच्या आसनावरचा ओल्या अंगाचा कुत्रा हेही याच यादीतले होत.

काचेचे तापमान

मोटारीच्या अंतर्भागातील पत्रा बहुतेक ठिकाणी कापड, फोम किंवा प्लास्टिकने झाकलेला असतो. काचेला मात्र असे कोणतेही आवरण नसते. ती पातळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना हवा असते, त्यामुळे तिचे तापमान आतील व बाहेरील तापमानांच्या दरम्यान कोठेतरी स्थिरावते. गाडी उभी असताना ते काहीसे मध्यावर असते. गाडी वेगात धावू लागली की बाहेरच्या वाऱ्यामुळे काचेची उष्णता झपाट्याने निघून जाते व तापमान बाहेरील हवेच्या जवळ येते. पाऊस पडत असेल तर वाहते पाणी आणि त्याचे बाष्पीभवन यांमुळे काच आणखी थंड होते. थांब्यावर स्वच्छ असलेली काच महामार्गाला लागताच धुरकट होते, त्याचे हे एक कारण आहे.

उघड्यावर उभ्या केलेल्या मोटारीत आणखी एक क्रिया घडते. निरभ्र रात्री मोटारीचे छत व तिरकी काच आकाशाकडे उष्णता प्रारित करतात आणि सभोवतालच्या हवेहूनही थंड होतात. समोरची काच आकाशाकडे कललेली असल्याने तिच्यावर दाराच्या उभ्या काचांपेक्षा अधिक वाफ धरते. झाडाखाली किंवा पडवीत ठेवलेल्या गाडीची काच त्या मानाने कोरडी राहते.

कोकण आणि सह्याद्रीतील पावसाळा

शीत प्रदेश आणि भारताचा पश्चिम किनारा येथील संघननात महत्त्वाचा फरक आहे. शीत प्रदेशातील वाहनपुस्तिकांत दिलेला सर्वपरिचित सल्ला असा असतो: हीटर लावावा आणि बाहेरची हवा आत घ्यावी. बाहेर ०° से. तापमान असताना हवा संपृक्त असली तरी तिच्या एका घनमीटरमध्ये पाच ग्रॅमहून कमी बाष्प असते. तीच हवा २०° से.पर्यंत तापवल्यास तिची सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली जाते. अशी कोरडी, उबदार हवा काचेवर सोडली की काच तापते आणि तिच्यावरील पाणीही उडून जाते.

मुंबईतील जुलैच्या दिवशी बाहेरच्या हवेचा असा उपयोग होत नाही. बाहेर २६° से. तापमान आणि ९० टक्के सापेक्ष आर्द्रता असल्यास हवेत प्रति घनमीटर सुमारे २२ ग्रॅम बाष्प असते व तिचे दवबिंदू तापमान २४° से.च्या थोडे वर असते. पावसाने भिजलेली काच २५° से. तापमानाला आहे असे धरले, तर तिच्यालगतच्या हवेची मर्यादा २३ ग्रॅम इतकीच राहते. म्हणजे बाहेरून आलेली हवा आणि संघनन यांच्यात प्रति घनमीटर जेमतेम एक ग्रॅमचे अंतर असते. काचा व हवेची द्वारे बंद असल्यास चार प्रवासी हे अंतर मिनिट-दीड मिनिटात भरून काढतात. अंगावर ओले कपडे असतील तर तेवढाही वेळ लागत नाही. खिडकी उघडल्यास प्रवाशांनी सोडलेले बाष्प बाहेर जाते खरे, पण आत येणारी हवाही जवळपास तितकीच दमट असते; शिवाय पाऊस आत येतो तो वेगळाच.

या हवामानात बाष्प प्रत्यक्ष काढून टाकणारे साधन म्हणजे वातानुकूलन यंत्रणा. तिच्यातील थंड नळ्यांच्या जाळ्यावरून, म्हणजे बोलीभाषेतील कुलिंग कॉइलवरून, हवा वाहते तेव्हा तिचे तापमान १०° से.च्या आसपास किंवा त्याखाली उतरते व त्या तापमानाला न मावणारे बाष्प कॉइलवरच पाणी होऊन साचते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात उभ्या मोटारीखाली ठिबकणारे पाणी ते हेच. कॉइलवरून आलेल्या हवेत प्रति घनमीटर नऊ-दहा ग्रॅमच बाष्प उरत असल्याने २५° से. तापमानाच्या काचेवर तिच्यातून वाफ धरण्याचा प्रश्नच येत नाही. वातानुकूलनामुळे मोटारीच्या आतून वाफ धरते हा समज म्हणून चुकीचा आहे. तो रूढ होण्याचे कारण पुढील प्रकारात आहे.

काचेच्या बाहेरील संघनन

वातानुकूलनाची थंड हवा सतत समोरच्या काचेवर पडत राहिली तर काच २०–२२° से.पर्यंत थंड होते. बाहेरच्या हवेचे दवबिंदू तापमान २४° से. असल्यामुळे आता वाफ काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर धरते. ती बहुधा डॅशबोर्डवरील झरोक्यांच्या समोर, काचेच्या खालच्या भागात पट्ट्याच्या आकाराने सुरू होते. तत्त्व थंड पाण्याच्या तांब्याबाहेर जमणाऱ्या थेंबांचेच आहे.

चालकाला हे बाष्प आतले वाटते आणि तो वातानुकूलन अधिक थंड व जोरात करतो. त्यामुळे काच आणखी थंड होऊन बाहेरील थर दाट होतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. वायपर एकदा फिरवल्यावर काच स्वच्छ झाली तर वाफ बाहेर आहे; बोट फिरवल्यावर आतून रेघ उमटली तर ती आत आहे. बाहेरील संघननात वायपर चालू ठेवणे, हवेचा झोत काचेवरून हटवून पायांकडे किंवा समोर वळवणे आणि तापमान काही अंशांनी वाढवणे हे उपाय लागू पडतात. आतील संघननात वातानुकूलन चालू करून हवा काचेवर वळवावी लागते.

घाटरस्त्यांवर दोन्ही प्रकार एकाच प्रवासात अनुभवास येतात. बोरघाट, ताम्हिणी, आंबा किंवा आंबोलीचा घाट चढताना उंचीबरोबर बाहेरील तापमान कमी होत जाते. गाडी ढगात शिरते आणि काच थंड होते. आतील हवा मात्र अजून कोकणातलीच, उबदार व दमट असते, म्हणून आतून वाफ धरते. उतरताना क्रम उलटतो. थंड झालेली काच खालच्या उबदार व दमट हवेत येते आणि बाहेरून धुरकट होते. पावसातून बोगद्यात शिरतानाही असाच प्रसंग येऊ शकतो, कारण बोगद्यातील हवा बाहेरच्या पावसाळी हवेपेक्षा उबदार असू शकते आणि चालकाने त्याच वेळी वायपर बंद केलेला असतो. वळणावळणाच्या रस्त्यावर, समोरून दिव्यांचा झोत येत असताना, अशी काही सेकंदांची अंधुकता धोकादायक ठरते.

वातानुकूलन बंद केल्यावर अचानक धरणारी वाफ

काही वेळ वातानुकूलन वापरून ते बंद केले आणि पंखा, म्हणजे ब्लोअर, तसाच चालू ठेवला तर काच काही सेकंदांत पूर्णपणे धुरकट होते. कॉइलवर साचलेले पाणी अजून वाहून गेलेले नसते. थंडावा थांबताच कॉइल गरम होऊ लागते, तिच्यावरून जाणारी हवा ते पाणी उचलते आणि ही दमट हवा नुकत्याच थंड केलेल्या काचेवर आदळते. थोडा गारवा वाटला की वातानुकूलन बंद करायचे आणि उकडले की पुन्हा लावायचे, ही इंधन वाचवण्यासाठीची सवय पावसाळ्यात याच कारणाने अडचणीची ठरते. यंत्रणा चालू ठेवून तापमानाची कळ उबदार बाजूला सरकवणे अधिक योग्य होय. तसे केल्यास कॉइल हवेतील बाष्प काढते आणि हीटर तीच हवा पुन्हा थोडी तापवतो, त्यामुळे हवा कोरडी राहते आणि काच दोन्ही बाजूंनी स्वच्छ राहते. अनेक मोटारींत काच स्वच्छ करण्याचे बटण दाबताच हीटरच्या जोडीला वातानुकूलनही आपोआप सुरू होते, त्यामागे हेच तत्त्व आहे.

आतलीच हवा फिरवत ठेवण्याच्या कळीचा परिणाम वातानुकूलनावर अवलंबून असतो. ते बंद असताना ही कळ दाबलेली राहिली तर प्रवाशांनी सोडलेले बाष्प आतच साठते, आणि काचा धुरकट होण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. वातानुकूलन चालू असताना मात्र तीच हवा पुनःपुन्हा कॉइलवरून जात असल्याने अधिक कोरडी होते. लांबच्या प्रवासात कार्बन डायऑक्साइड साठू नये म्हणून अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी लागते.

काचेचा पृष्ठभाग

काचेवर जमलेले पाणी प्रमाणाने अत्यल्प असते. दृष्टीला अडथळा होतो तो त्याच्या रचनेमुळे. पाणी असंख्य अर्धगोलाकार थेंबांच्या रूपात असले की प्रत्येक थेंबाच्या वक्र पृष्ठभागावर प्रकाशाचे अपवर्तन व विकिरण होते आणि समोरच्या दिव्याभोवती पांढरट वलय पसरते. तेवढेच पाणी सलग पातळ पापुद्र्याच्या रूपात पसरले तर काच जवळजवळ पारदर्शकच राहते.

थेंब होणार की पापुद्रा हे काचेच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. पूर्णपणे स्वच्छ काच पाण्याला पसरू देते. तेलकट काचेवर पाण्याचा स्पर्शकोन वाढतो व थेंब उभे राहतात. लॉर्ड रॅले यांनी १९११ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याविषयी लिहिले होते. काचेवरून ज्योत फिरवली आणि काच थंड झाल्यावर तिच्यावर फुंकर मारली, तर ज्योतीच्या मार्गात पाणी पापुद्र्यासारखे पसरते आणि उरलेल्या काचेवर पांढरी वाफ दिसते, असे त्यांच्या प्रयोगांत आढळले.

मोटारीच्या काचेच्या आतील बाजूस तेलकट थर जमण्याची कारणे बरीच आहेत. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उडणारी रसायने, धूम्रपानाचा धूर, रस्त्यावरील धूर आणि हाताचे ठसे ही त्यांपैकी प्रमुख. हाताने काच पुसल्यास तात्पुरते दिसू लागते, परंतु तेलाचा नवा थर बसतो आणि पुढच्या वेळी वाफ अधिक लवकर व अधिक दाट धरते. काचेवर आधी बोटाने काढलेली नक्षी धुक्यात पुन्हा प्रकट होते ती याचमुळे.

साबण, शाम्पू किंवा बाजारात मिळणारे वाफरोधक द्रव पाण्याचा पृष्ठताण कमी करून थेंबांऐवजी पापुद्रा तयार होऊ देतात. वातानुकूलन नसलेल्या वाहनांच्या चालकांमध्ये कापलेला बटाटा किंवा तंबाखू काचेवर चोळण्याची रीत आढळते. तिचा हेतूही पाणी पसरवण्याचाच असतो. हे उपाय संघनन थांबवत नाहीत, केवळ त्याचे रूप बदलतात, आणि थर पुसला गेला की परिणाम संपतो. रात्री समोरून प्रकाश आला असता बटाट्याचे डाग स्वतःच त्रासदायक ठरू शकतात.

यांत्रिक साधने आणि मानके

मागच्या काचेवर हवेचा झोत पोहोचवणे अवघड असल्याने तेथे काचेवरच छापलेल्या बारीक विद्युतवाहक रेषांनी काच तापवली जाते. या व्यवस्थेला डिफॉगर म्हणतात. काच दवबिंदू तापमानाच्या वर गेली की वाफ रेषांच्या कडेने नाहीशी होऊ लागते. काही मोटारींत आरशाजवळ आर्द्रता व काचेचे तापमान मोजणारा संवेदक बसवलेला असतो आणि वाफ धरण्याआधीच तो यंत्रणा चालू करतो. विद्युत मोटारींत अशा संवेदकाचे महत्त्व अधिक आहे, कारण तेथे हीटर व वातानुकूलन दोन्ही बॅटरीवर चालतात आणि त्यांचा अकारण वापर झाल्यास गाडीचा पल्ला कमी होतो.

अमेरिकेत समोरची काच वाफमुक्त व हिममुक्त करणाऱ्या यंत्रणेसाठी संघीय मोटारवाहन सुरक्षा मानक क्र. १०३ लागू आहे. भारतात केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ मधील नियम १०० अन्वये पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार जाणे आवश्यक आहे. ही अट काचेच्या पदार्थाविषयी आहे.

उभ्या मोटारीत वारंवार होणारे संघनन

प्रवासी नसताना रोज सकाळी काचा आतून ओल्या आढळत असतील तर मोटारीत कोठेतरी पाणी साठले असण्याची शक्यता असते. दारांचे झिजलेले रबर, समोरच्या काचेच्या चिकटपट्टीतील फट, छतावरील उघडझाप खिडकीच्या तुंबलेल्या नळ्या आणि बोनेटच्या मागे काचेखाली असलेल्या पन्हळीत अडकलेला पालापाचोळा ही नेहमीची कारणे आहेत. वातानुकूलनाच्या पाण्याचा निचरा करणारी नळी तुंबल्यास ते पाणी पुढच्या आसनासमोरील गालिच्याखाली उतरते. वरून कोरडा वाटणारा गालिचा खालच्या फोममध्ये पुष्कळ पाणी धरून ठेवतो, म्हणून तो उचलून हाताने चाचपावा लागतो.

काचेवरील थर चिकट असेल, पुसल्यावर पसरत असेल आणि त्याला गोडसर वास येत असेल, तर ते केवळ पाणी नसते. हीटरच्या आतील लहान रेडिएटरमधून शीतक द्रव गळत असून त्यातील ग्लायकॉल काचेवर बसत आहे, असे समजावे. इथिलीन ग्लायकॉल विषारी असते, तसेच शीतक कमी झाल्यास इंजिन तापते; त्यामुळे अशी मोटार दुरुस्तीस नेणे आवश्यक ठरते.

उभ्या मोटारीतील आर्द्रता कमी करण्यासाठी सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्या जातात. शंभर ग्रॅम सिलिका जेल दमट हवेत साधारण तीस ग्रॅम पाणी शोषते. हे प्रमाण एका प्रवाशाने तासाभरात सोडलेल्या बाष्पाहून कमी असल्याने धावत्या मोटारीत तिचा उपयोग नगण्य असतो. बंद उभ्या मोटारीत ती काही दिवस उपयोगी पडते. त्यानंतर पिशवी तापवून पुन्हा कोरडी करावी लागते.